तीन, तिघे, तीनदा : डाकेल्ह भाषेतले अंक

गणिताच्या इतिहासावरच्या लोकप्रिय लेखनात एक दाखला वर्षानुवर्षे फिरतो आहे. कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या मध्यभागी बोलल्या जाणाऱ्या कॅरिअर भाषेत म्हणे 'तीन'ला सात-आठ शब्द आहेत. म्हणजे वस्तूंपासून सुटी अशी संख्या या लोकांना कळलीच नव्हती! 1910 मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ ल्यूसिआँ लेव्ही-ब्रूल यांनी अशा अंकशब्दांचाही आधार घेत 'आदिम' समाजांची विचारपद्धती तर्कपूर्व ठरवली. दाखल्यातले शब्द खरे आहेत. निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि ते मराठी माणसाला चटकन पटेल.

या लोकांचे स्वतःचे नाव डाकेल्ह. त्यांची भाषा अथाबास्कन कुळातली. अलास्कापासून अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या नावाहो आणि अपाची भाषांपर्यंत हे कूळ पसरले आहे. स्टुअर्ट सरोवराकाठच्या फोर्ट सेंट जेम्स इथे राहिलेले फ्रेंच मिशनरी एड्रियन मोरिस यांनी 1885 मध्ये या भाषेसाठी लिपी तयार केली आणि पुढे तिचे मोठे व्याकरण लिहिले. 'तीन'चे शब्द त्यांच्याच नोंदींतून जगभर गेले.

तीन वस्तू असतील तर थाकिह. तीन माणसे असतील तर थाने. तीन वेळा म्हणजे थात, तीन ठिकाणी म्हणजे थादन, तीन प्रकारे म्हणजे थाह. (देवनागरीत उच्चार जवळपासचाच येतो. थाकिहमधला 'क' घसा क्षणभर बंद करून सोडायचा. 'ल्ह' मात्र कोल्ह्यातला नव्हे : जीभ 'ल'साठी टेकवायची, आवाज न काढता बाजूंनी नुसती हवा सोडायची.)

आता आपले बघा. तीन आंबे, पण तिघे भाऊ. तीनदा सांगितले. तिहेरी वेणी. तिन्ही सांजा. 'तीन भाऊ' म्हटले तर कुणी अडवत नाही, पण 'तिघे' हा शब्द फक्त माणसांसाठी राखलेला आहे. म्हणून आपल्याला तीन ही संख्या कळत नाही असे कुणी म्हणेल का? डाकेल्हमध्येही सगळ्या रूपांत 'था' हा गाभा तोच राहतो. काय मोजले ते प्रत्यय सांगतो. थानेमधला '-ने' हा तर त्या भाषेत माणसांच्या अनेकवचनाचाच प्रत्यय आहे. मराठीत ही सोय दोघे, तिघे, चौघे इथेच थांबते आणि पुढे 'पाच जण' म्हणावे लागते.

या व्यवस्थेतला सगळ्यात देखणा भाग दशकांमध्ये आहे. दहा म्हणजे लानेझि. वीस म्हणजे नात लानेझि, 'दोनदा दहा'. तीस म्हणजे थात लानेझि, 'तीनदा दहा'. इथे नान्कोह (दोन वस्तू) किंवा थाकिह चालत नाही, कारण दहा ही इथे मोजायची वस्तू नसून पुन्हा पुन्हा घ्यायची राशी आहे. म्हणजे गुणाकारासाठी व्याकरणाने वेगळे रूप राखून ठेवले आहे! संख्येला वस्तूपासून सुटे केल्याशिवाय हे जमेल कसे?

दहाच्या आतही अशीच रचना आहे. चार म्हणजे दिन्किह. सहा म्हणजे ल्हक-थाकिह, दोन्ही बाजूंना तीन. आठ म्हणजे ल्हक-दिन्किह, दोन्ही बाजूंना चार. सात या साच्यात बसत नाही, बसणारही नाही, विषम आहे. नऊ म्हणजे ल्हकि हूलोह : 'एक नाही'. आपल्या एकोणीस-एकोणतीसमधला 'ऊन' हेच काम करतो.

हे साम्य वाचून लगेच 'डाकेल्ह मूळची संस्कृतोद्भव' असा मजकूर फिरवू नये. वजाबाकीने अंक सांगण्याची युक्ती रोमनांच्या लॅटिनमध्येही आहे, ती कुणालाही स्वतंत्रपणे सुचू शकते. 'त्रि' आणि 'था' यांतले साधर्म्यही योगायोगाचे. नाते सिद्ध व्हायला एका शब्दाने भागत नाही, ओळीने जुळणी लागते : याच कुळातल्या चिपेवायन भाषेत तीन म्हणजे थाघे, नावाहोत था, चारला डाकेल्हमध्ये दिन्किह, चिपेवायनमध्ये दिंघिं, नावाहोत दीं. याला कूळ म्हणतात.

आज ही भाषा धोक्यात आहे. फ्रेझर सरोवराजवळची, मूलनिवासी मुलांसाठीची लेजॅक निवासी शाळा 1922 ते 1976 चालली. अशा शाळांमध्ये मुलांना स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत असे, आणि अस्खलित बोलणारे आता बहुतांश वयस्कर आहेत. नव्याने शिकणाऱ्याने तक्त्यावरचे एक ते दहा पाठ केले तर त्याच्या हाती फक्त वस्तूंचे अंक येतात. मग तो मुलांनाही थाकिह म्हणून मोजतो आणि वीसपाशी अडतो. म्हणून वस्तू, माणसे आणि वेळा हे तीन रकाने पहिल्या दिवसापासून शेजारी शेजारी हवेत. निदान तीनपर्यंत तरी प्रत्येक अंक तिन्हींत म्हणून घ्यावा, आणि लगेच नात लानेझि, थात लानेझि जोडावे.