सेप्टिक शॉक : नाडी आणि रक्तदाबाच्या आकड्यांमागचा इतिहास

पेठ किंवा सुरगाण्याहून तापाने फणफणलेला, ग्लानीत गेलेला रुग्ण 108 च्या रुग्णवाहिकेतून नाशिकला पोहोचतो, तेव्हा रक्ततपासणीचा अहवाल येण्याच्या कितीतरी आधी डॉक्टरांच्या हाती दोन आकडे असतात : नाडी आणि रक्तदाब. जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे रक्ताभिसरणच कोसळते, त्या सेप्टिक शॉकच्या अवस्थेत रुग्ण वाचेल की नाही हे या आकड्यांवरून किती कळते, याचा शोध अनेक दशके चालू आहे.

रिवा-रोची यांनी 1896 मध्ये दंडपट्टीचे यंत्र आणले आणि 1905 मध्ये कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने वरचा व खालचा दाब ओळखण्याची रीत दिली. आल्गोवर आणि बुरी यांनी 1967 मध्ये नाडीला वरच्या रक्तदाबाने भागून ‘शॉक इंडेक्स’ मांडला. निरोगी प्रौढात तो साधारण 0.5 ते 0.7 असतो, नाडी 120 आणि वरचा दाब 90 असेल, तर तो 1.33 होतो, म्हणजे धोक्याची खूण. हा भागाकार प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येतो, हे त्याचे मोठेच मोल आहे.

सेप्टिक शॉकपुरते महत्त्वाचे काम 1987 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील पार्कर, पॅरिलो आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. हृदयात नळी घालून त्यांनी रक्ताभिसरणाची अनेक मापे घेतली. तरीही पहिल्या तपासणीत वाचणारे आणि न वाचणारे यांच्यात फरक दाखवणारे माप एकच निघाले, ते म्हणजे मिनिटाला 106 पेक्षा कमी ठोके. चोवीस तासांनी नाडी 95 च्या खाली आलेली असणे किंवा ती 18 हून अधिक ठोक्यांनी उतरलेली असणे, हेही जगण्याशी जोडलेले आढळले. नाडीचा हा उतार कळण्यासाठी पहिला आकडा, तोही वेळेसह, हाती असावा लागतो. म्हणूनच तालुक्याहून रुग्णासोबत येणाऱ्या चिठ्ठीतील नाडी आणि वेळेच्या त्या एका ओळीला मी फार महत्त्व देतो.

रक्तदाबाचा विचार पुढे वरच्या व खालच्या दाबांवरून काढलेल्या सरासरी दाबाकडे वळला आणि 65 मिलिमीटर पारा हे उद्दिष्ट रूढ झाले. ते वाढवून काही साधते का, हे फ्रान्समधील 776 रुग्णांच्या चाचणीने 2014 मध्ये तपासले. दाब 80 ते 85 ठेवल्याने मृत्यू घटले नाहीत. ज्यांना आधीपासून उच्च रक्तदाब होता, त्यांच्यात डायलिसिसची गरज मात्र कमी पडली.

नाडी कमी असणारे अधिक वाचतात, तर मग औषधाने ती उतरवावी का? रोममध्ये 154 रुग्णांवर एस्मोलॉल हे नाडी मंदावणारे औषध वापरून झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2013 मध्ये आले आणि त्यांनी मोठी आशा निर्माण केली. परंतु 2023 मध्ये प्रसिद्ध झालेली ब्रिटनमधील लँडिओलॉल या तशाच औषधाची चाचणी अपायाच्या शक्यतेमुळे मुदतीआधीच थांबवावी लागली. धावणारी नाडी ही बऱ्याचदा कमी दाबातही अवयवांना रक्त पुरवण्याची हृदयाची धडपड असते. ती जबरीने रोखली, तर तो पुरवठाच तुटू शकतो. याउलट, रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणाऱ्या याच गटातल्या गोळ्या) घेणाऱ्या रुग्णाची नाडी गंभीर शॉकमध्येही फारशी चढत नाही, म्हणून तिच्या संथपणावरून धीर धरण्यापूर्वी त्याच्या गोळ्या विचारून घ्याव्या लागतात.