गायरानातलं वाय-फाय

फेब्रुवारीत सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या राजापुरी हळदीची आवक सुरू झाली की माझ्याकडे हमखास एक फोन येतो: "साहेब, गोदामात नेट चालत नाही." दिवाळीत चालत होतं, संक्रांतीतही चालत होतं. राउटर तोच, बिलही भरलेलं. बदललेली गोष्ट एकच असते. तेव्हा गोदाम रिकामं होतं आणि आता पत्र्याला टेकतील अशा पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या आहेत. थप्पीमागे काट्याजवळ उभ्या असलेल्या दिवाणजीला मात्र हळद लहरी अडवते हे काही केल्या पटत नाही.

मी यार्डातल्या चार-पाच पेढ्यांचे हिशेब पाहतो. नेटवर्किंग हा माझा धंदा नव्हे, पण १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या मालाला ई-वे बिल, म्हणजे वाहतुकीआधी ऑनलाइन काढायचा परवाना, लागू झालं, आणि हिशेबनीसाला नेटचं कळणं भाग पडलं. त्याआधी पेढीवर एकच कॉम्प्युटर, त्यात टॅली, आणि टेलिफोनच्या डबीतून आलेली वायर. आता ई-वे बिलाचा नंबर निघाल्याशिवाय गाडी यार्डाबाहेर जात नाही. वजन काट्यावर होतं, पट्टी गादीवर बनते, गाडी गेटपाशी उभी असते आणि या तिन्ही ठिकाणच्या माणसांना एकाच वेळी नेट लागतं. पेढी म्हणजे एक खोली, हे आता खरं उरलेलं नाही.

गंमत म्हणजे वाय-फायचा जन्म अशाच अडचणीतून झाला. लॅपटॉप घेऊन कॉफी पिणाऱ्यांसाठी ते निघालं असा बऱ्याच जणांचा समज असतो. खरं तर ते निघालं दुकानातल्या गल्ल्यासाठी. एनसीआर ही अमेरिकी कंपनी गल्ल्यावर विक्रीची नोंद ठेवणारी यंत्रं, म्हणजे कॅश रजिस्टर, बनवायची. मोठ्या दुकानांत मांडणी सारखी बदलते, आणि प्रत्येक वेळी गल्ला हलवायचा तर फरशीखालची वायर पुन्हा टाकावी लागे. ही कटकट टाळायला नेदरलँड्समधल्या नियूवेखाइन गावातल्या कंपनीच्या इंजिनिअरांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'वेव्हलॅन' नावाची बिनतारी यंत्रणा उभी केली. त्यांच्यातले व्हिक हेज पुढे आयईईई या इंजिनिअरांच्या संघटनेच्या ८०२.११ समितीचे, म्हणजे बिनतारी नेटवर्कचं मानक ठरवणाऱ्या समितीचे, अध्यक्ष झाले. समिती १९९० मध्ये बसली आणि पहिलं मानक निघालं १९९७ मध्ये. सात वर्षं घासाघीस होऊन वेग ठरला तो सेकंदाला १ ते २ मेगाबिट. प्रत्येक कंपनीला स्वतःचीच पद्धत मानक व्हायला हवी होती, त्यामुळे उशिराचं आश्चर्य वाटायला नको.

पण मुळात ही यंत्रं कोणत्या लहरींवर बोलणार होती? इथे गायरान समजून घ्यावं लागतं. रेडिओ लहरींचे पट्टे जमिनीसारखेच वाटलेले असतात: हा लष्कराचा, तो विमानांचा, तो टीव्हीचा. सातबारा असल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. काही तुकडे मात्र उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय उपकरणांसाठी सोडलेले होते. मायक्रोवेव्ह ओव्हन त्यातल्याच एकात, २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. दळणवळणासाठी हे तुकडे निकामी मानले जात, कारण तिथे आधीच गोंगाट. १९८५ मध्ये अमेरिकेच्या एफसीसीनं, म्हणजे तिथल्या दळणवळण नियामक आयोगानं, असे तीन पट्टे विनापरवाना दळणवळणाला मोकळे केले. अट गायरानाचीच होती. कुणीही यावं, बेतानं वापरावं, दुसऱ्याला त्रास देऊ नये, आणि दुसऱ्याचा त्रास झाला तर तक्रार करू नये. फुकटच्या या जागेवर कुणाचाच हक्क नव्हता, म्हणूनच तिथे स्वस्त यंत्रं उगवली.

एकाच जागेत सगळे बोलू लागले तर काय, याचा विचार त्याआधीच हवाईमध्ये झाला होता. बेटांवर विखुरलेल्या विद्यापीठाला मुख्य कॉम्प्युटरशी जोडायला नॉर्मन अब्रॅमसन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये 'अलोहानेट' सुरू केलं. ज्याला बोलायचं त्यानं बोलावं, दोघांचं एकदम झालं आणि कुणाचंच ऐकू गेलं नाही तर प्रत्येकानं मनाला येईल तितका वेळ थांबून पुन्हा बोलावं, इतकी साधी रीत. सौद्यात दोघं एकदम ओरडले की अडत्या पुन्हा विचारतो, तसंच, फक्त इथे अडत्या कुणीच नाही. वाय-फायनं यात एक शहाणपण घातलं: बोलण्याआधी ऐका. दुसरं यंत्र बोलत असेल तर गप्प राहा. भरल्या यार्डात राउटर मंद वाटतो तो बऱ्याचदा यामुळेच. तो बिघडलेला नसतो, आपला नंबर येण्याची वाट पाहत असतो.

दुसरी अडचण प्रतिध्वनीची, आणि मला स्वतःला या कथेतला हा भाग सगळ्यात आवडतो. पत्र्याच्या शेडमध्ये हाक मारली तर ती भिंतीवर, छतावर आपटून चार वेळा परत येते. रेडिओ लहरींचंही तेच होतं. एकच संदेश वेगवेगळ्या वाटांनी पुढेमागे पोहोचतो आणि मागच्या अक्षरावर पुढचं अक्षर चढतं. वेग वाढवावा तेवढा गोंधळ वाढतो. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत जॉन ओसुलिव्हन आणि त्यांच्या गटानं यावर उपाय शोधला. एका धारेत भराभर बोलण्याऐवजी माहिती अनेक संथ धारांत वाटायची आणि त्या शेजारशेजारच्या वारंवारितांवर एकाच वेळी सोडायच्या. प्रत्येक धार संथ असल्यानं प्रतिध्वनी विरायला सवड मिळते. ओसुलिव्हन मूळचे रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ. सत्तरच्या दशकात ते स्फोट पावणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांचे संकेत शोधत होते. ते सापडले नाहीत, पण विस्कटलेला संकेत सावरायचं त्या शोधातलं गणित इथे कामी आलं. १९९६ मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं आणि पुढे कोर्टकचेऱ्या करून संस्थेनं मोठमोठ्या कंपन्यांकडून ४० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त रक्कम वसूल केली. हॉलिवूडची नटी हेडी लामार हिनं वाय-फाय शोधलं, हा मोबाइलवर फिरणारा संदेश मात्र ताणलेला आहे. १९४२ चं तिचं पेटंट खरं, पण आपल्या राउटरचं कूळ वेगळं.

१९९९ मध्ये ११ मेगाबिटचं पुढचं मानक ८०२.११बी आलं आणि एका ब्रँडिंग कंपनीकडून 'वाय-फाय' हे नाव घेतलं गेलं. ते कशाचंही संक्षिप्त रूप नाही. त्याच वर्षी जुलैत न्यूयॉर्कमध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सनी आयबुक या लॅपटॉपभोवती रिंगण फिरवून वायर नसल्याचं दाखवलं, आणि आतलं कार्ड होतं त्याच वेव्हलॅनच्या घराण्यातलं. २००२ च्या अखेरीस लिंकसिस कंपनीचा निळा-काळा राउटर डब्ल्यूआरटी५४जी आला. राउटर, स्विच आणि रेडिओ एकाच डबीत. आज पेढीवर देवाच्या फोटोशेजारी लटकतो तो याच घाटाचा.

आपल्याकडे गायरान उशिरा खुलं झालं. १९३३ च्या भारतीय बिनतारी कायद्यानुसार रेडिओ यंत्र नुसतं जवळ ठेवायलाही परवाना लागे. रेडिओच्या लायसनची पुस्तिका अजून कुणाच्या माळ्यावर सापडेल. त्याच चौकटीतून २.४ गिगाहर्ट्झला सर्वांसाठी सूट मिळाली ती जानेवारी २००५ मध्ये. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये सुटला, आणि ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागाचा मसुदा मे २०२५ मध्ये निघाला.

मधल्या काळात एक धक्का बसला. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी आलेला ई-मेल नवी मुंबईतल्या एका फ्लॅटमधल्या उघड्या वाय-फायवरून गेल्याचं तपासात निघालं. पुढच्या वर्षी दूरसंचार खात्यानं वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबद्दल सूचना काढल्या. आज पासवर्ड नसलेला राउटर यार्डात क्वचित दिसतो. पासवर्ड म्हणजे पेढीचं नाव आणि पुढे १२३, ही गोष्ट निराळी.

आता गर्दीकडे येऊ. २.४ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेल, म्हणजे बोलायच्या वाटा, १३ दिसतात, पण एकमेकांवर न चढणारे तीनच: १, ६ आणि ११. एका ओळीत वीस पेढ्या, प्रत्येकीचा एक राउटर, शिवाय 'रेंज वाढवायला' लावलेले रिपीटर. साधा रिपीटर ऐकलेलं सगळं त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, म्हणजे गोंगाट दुप्पट. ५ गिगाहर्ट्झवर जागा ऐसपैस, पण त्या लहरी भिंतीपुढे लवकर हात टेकतात, आणि ओलावा धरणाऱ्या मालापुढेही. शेतातून येणारी हळद वाळवलेली असली तरी कोरडीठाक नसते. तिच्या दहा-बारा थरांतून पलीकडे जाताना संकेतात फारसा दम उरत नाही.

एका पेढीवर गेल्या वर्षी आम्ही शेवटी रिपीटर काढून टाकले. गादीपासून गोदामाच्या छतापर्यंत वायर नेली आणि थप्प्यांच्या वर, तुळईला, एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरीवर आलेलं नेट वाय-फायनं पसरवणारी डबी, टांगला. "बिनतारी करायला इतकी तार?" मालकांनी विचारलं. मी म्हटलं, "मालक, बिनतारी फक्त शेवटचे वीस-तीस फूट असतं." हंगामभर काट्यावर नेट उत्तम चाललं. दसऱ्याच्या साफसफाईत पाहिलं तर उंदरांनी वायर दोन ठिकाणी कुरतडलेली. या वर्षी ती लोखंडी पाइपातून नेली आहे.