'वस्तू किंवा सेवा' : कार्यानुभवाच्या तासाची पार्श्वभूमी

वेळापत्रकात 'का. अ.' एवढंच लिहिलेला तास बहुतेकांना आठवतो, तो गणिताच्या सरांनी पोर्शन संपवायला मागून घेतला म्हणून. ज्या आठवड्यात मागितला गेला नाही त्या आठवड्यात खडू, मेणबत्त्या, कागदाची फुलं. हा तास शाळेच्या कुंपणाबाहेर पडण्यासाठी होता, वस्तीच्या उपयोगी पडेल असं काहीतरी हातांनी करून त्यातून शिकण्यासाठी होता, याचा त्या तासात बसून कुणाला पत्ता लागला नसता.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन काम शिकायला सांगितलं, आणि ही कल्पना एकदम नवी कोरी असल्यासारखी चर्चेत आली. प्रशिक्षणांमधून ती तशीच मांडलीही जाते. प्रत्यक्षात तिच्या मागे निदान ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांची भांडणं आहेत. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं भांडण, माझ्या मते, १९७७ च्या एका व्याख्येतल्या 'किंवा' या शब्दापाशी आहे. पण त्याआधीचं थोडं.

फार मागे जायचं तर १८८२ च्या शिक्षण आयोगापुढे पुण्यातून गेलेलं निवेदन आहे. खेड्यातल्या मुलांना मोडी-बाळबोध आणि हिशेबाबरोबर शेती आणि आरोग्याचंही शिकवा, अशी त्यात मागणी होती. पुढे साताऱ्याकडच्या वसतिगृहांनी 'कमवा आणि शिका' रुजवलं. मुलं शेतात राबली, बांधकामाला हात लावला आणि शिकली. तिथे कामाचा पहिला लाभार्थी स्वतः विद्यार्थीच होता, कारण त्याशिवाय त्याला शिकताच आलं नसतं. वस्तीसाठी काम हा मुद्दा त्यात होता, पण मागे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेने चार ठराव केले. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून शिक्षण, आणि मुलाच्या भोवतालाला धरून निवडलेला एखादा हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी. हे तीन पचले. चौथा होता की या पद्धतीतून हळूहळू शिक्षकांचा पगार निघावा, आणि वादाला तोंड फुटलं ते याच्यावरून. ठरावांवरून अभ्यासक्रम बेतणाऱ्या समितीने साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला, म्हणजे या मध्यवर्ती हस्तोद्योगाला, रोज ३ तास २० मिनिटं दिली. मातृभाषेला ४० मिनिटं. टकळीवर सूत काढता काढता गणित, भूगोल, इतिहास शिकायचा, याला 'समवाय' म्हणायचे. जुन्या शिक्षकांच्या बोलण्यात हा शब्द अजून सापडतो. टीकाकारांनी विचारलं, मास्तरांचा पगार पोरांच्या सुतावर निघणार असेल तर ही शाळा की कारखाना? गंमत म्हणजे खुद्द समितीच्या अहवालातच हा इशारा होता: कमाईकडे लक्ष गेलं की शिक्षण बाजूला पडेल. १९४४ च्या केंद्रीय अहवालाने हस्तोद्योग ठेवला आणि पगाराचं कलम सरळ नाकारलं. मुलांनी केलेल्या मालाच्या विक्रीवर कुठल्याही पातळीवरचं शिक्षण चालावं अशी अपेक्षा धरू नये, असं त्याने म्हटलं.

पुढची वीसेक वर्षं पाट्या बदलण्याची. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांवर 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' असं अजून रंगवलेलं असतं, ते शब्द या विचाराचे. शहरांनी मात्र मूलोद्योग फारसा अंगाला लावून घेतला नाही. हाताने काम करणारं शिक्षण खेड्यातल्या मुलांचं आणि पुस्तकी शिक्षण शहरातल्या मुलांचं, ही वाटणी तेव्हाच पक्की झाली. आज कौशल्य शिक्षणाबद्दल पालक जे नाक मुरडतात त्याचं मूळ इथे आहे.

१९६४-६६ च्या शिक्षण आयोगाने 'कार्यानुभव' हा शब्द आणला. शाळेत, घरी, कारखान्यात, शेतावर, कुठेही उत्पादक कामात भाग घेणं म्हणजे कार्यानुभव. सूत-चरख्याच्या जागी यंत्र आणि विज्ञान यावं असा त्याचा रोख होता. याच आयोगाने समाजसेवाही सगळ्या टप्प्यांवर असावी असं सांगितलं, पण ते वेगळ्या शीर्षकाखाली. म्हणजे काम एका खणात आणि सेवा दुसऱ्या खणात. सेवेच्या खणाला लवकरच स्वतःचं घर मिळालं. सप्टेंबर १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, ३७ विद्यापीठांत, सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह. दोन वर्षांत २४० तास, दत्तक गाव, सात दिवसांचं शिबिर. तास मोजता येत होते, म्हणून योजना टिकली. पण ती महाविद्यालयांची. शाळेच्या वाट्याला सेवेविना काम उरलं.

मार्च १९७७ मध्ये केंद्रात सत्तापालट झाला आणि दहा वर्षांच्या शालेय अभ्यासक्रमाचा फेरविचार करायला समिती बसली. तिने त्याच वर्षी दोन्ही खण एक केले आणि नाव दिलं 'समाजोपयोगी उत्पादक कार्य'. व्याख्या अशी: हेतू असलेलं, अर्थपूर्ण असं हातांचं काम, ज्यातून समाजाला उपयोगी पडणाऱ्या वस्तू किंवा सेवा मिळतील.

ही व्याख्या मी बऱ्याच वेळा वाचली आहे आणि दर वेळी वाटतं की लिहिणाऱ्यांना अडचण ठाऊक होती. आधीच्या कार्यानुभवात 'समाज' नव्हता, तो त्यांनी नावातच घातला. कामाला हेतू हवा म्हणजे नुसता कवायतीसारखा सराव नको. हातांचं हवं म्हणजे निबंध नको. समाजाला उपयोगी हवं म्हणजे कपाटात पडून राहणारी वस्तू नको. एवढं सगळं जागच्या जागी आहे आणि मग येतो 'किंवा'. वस्तू किंवा सेवा. समितीच्या दृष्टीने तो मोकळीक देणारा शब्द असणार: ज्या शाळेजवळ शेत आहे तिने भाजी पिकवावी, जिच्याजवळ दवाखाना आहे तिने तिथे हात लावावा. शाळांनी तो पर्याय म्हणून वाचला. आणि पर्याय आहे म्हटल्यावर सगळ्यांनी वस्तू निवडली.

यात शाळांना दोष देणं सोपं आहे. पण प्रात्यक्षिकाच्या दिवशी काय होतं ते पाहा. आमच्या शाळेत प्रयोगशाळेतली दोन लांब टेबलं पटांगणात आणून त्यावर पांढरी चादर टाकायचे. चादरीवर ओळीने मांडलेलं: प्लास्टर ऑफ पॅरिसचे गणपती, काथ्याचं पायपुसणं, एक स्विच आणि एक होल्डर असलेला लाकडी बोर्ड, प्रत्येकापुढे हजेरी क्रमांकाची चिठ्ठी. बाहेरून आलेले परीक्षक टेबलाच्या कडेकडेने चालत जायचे, बोर्डाचं बटण दाबून दिवा लागतो का बघायचे आणि श्रेणी लिहायचे. पायपुसणं गेल्या वर्षीच्या एका ताईचं होतं, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. आता त्याच वर्षी आठवीच्या एका तुकडीने शाळेमागच्या वस्तीतल्या सार्वजनिक नळाचं गळणं बंद करून चर खणला होता. फावडी घरून आणली होती, वॉशर सायकलच्या ट्यूबमधून कापला होता. तो चर टेबलावर कसा मांडणार? त्या मुलांनी आयत्या वेळी पुठ्ठ्याची घरं चिकटवली आणि त्यावर श्रेणी घेतली.

वस्तू दिसते, तपासता येते, पुढच्या वर्षी पुन्हा मांडता येते. सेवा होते आणि विरून जाते. शिवाय मुलांना कुंपणाबाहेर न्यायचं म्हणजे परवानगी, जबाबदारी, सोबतीला दुसरा शिक्षक. 'किंवा'ने यातून सन्मानाने सुटण्याचा दरवाजा ठेवला. इंग्रजी शाळांतल्या मुलांनी या विषयाच्या एसयूपीडब्ल्यू या आद्याक्षरांचा 'सम युजफुल पीरियड्स वेस्टेड' असा विस्तार केला होता. थट्टेत तथ्य होतं.

१९८६ च्या धोरणाने आणखी एक मजेशीर गोष्ट केली. नाव पुन्हा 'कार्यानुभव' केलं आणि मजकूर जवळपास १९७७ चाच ठेवला, 'वस्तू किंवा सेवा'सकट. 'समाज' मथळ्यातून उतरून वाक्याच्या शेवटी जाऊन बसला. गुणपत्रिकेत विषय श्रेणीचा राहिला, आणि ज्याचे गुण टक्केवारीत मिळत नाहीत त्या विषयाचं आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. दरम्यान प्राथमिकला 'परिसर अभ्यास' नावाचं वेगळं पुस्तक आलं. म्हणजे परिसर एका वहीत, वाचायला, आणि काम दुसऱ्या वहीत, चिकटवायला. दोन्ही एकत्र यावं ही १९७७ ची खटपट वह्यांच्या पातळीवरच मोडली.

अपवाद होता, आणि तो महाराष्ट्रातच. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला १९८३ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगातून आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय तयार झाला. १९८७ मध्ये राज्याच्या परीक्षा मंडळाने त्याला मान्यता दिली. आठवड्यातला एक दिवस पूर्ण याच कामाला. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह आणि आरोग्य. शिकवायला गावातलाच वेल्डर, वायरमन, शेतीत मुरलेला माणूस. इथे 'सेवा' पर्याय म्हणून नव्हती, ती पद्धतच होती. मुलं शेतकऱ्यांच्या मातीचे नमुने तपासून देत, रक्तगट आणि हिमोग्लोबिन पाहून देत, फेरोसिमेंटच्या टाक्या बांधत, घरातलं वायरिंग दुरुस्त करत, आणि कामाचा मोबदला घेत.

या मोबदल्यावर नेहमी भुवया उंचावतात. मुलांनी गावाकडून पैसे घ्यायचे? मला मात्र १९३७ च्या चौथ्या ठरावाच्या वादाचं सगळ्यात समंजस उत्तर इथे दिसतं. पैसे मास्तरांच्या पगारासाठी घेतले जात नव्हते. ते घेतले की गिऱ्हाईक तक्रार करतं, हा त्यांचा उपयोग. फुकट बसवून दिलेला दिवा पेटला नाही तर माणूस 'पोरांनी केलंय' म्हणून सोडून देतो. पैसे मोजले असतील तर शाळेत येऊन विचारतो. वेल्ड तुटला, टाकी पाझरली, तर मुलांना परत जाऊन ती का पाझरली हे शोधावं लागतं. समवाय म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? माती तपासणाऱ्या मुलीला सामू म्हणजे काय हे पाठ करावं लागत नाही, कारण शेतकरी समोर उभा राहून 'मग आता टाकू काय?' असं विचारत असतो. हा विषय पुढे बहुकौशल्याच्या अभ्यासक्रमात रूपांतरित झाला, इतर राज्यांतही गेला, पण राज्यातल्या एकूण शाळांच्या मानाने त्याचा पसारा कायम लहान राहिला.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने काम हे शिकण्याचं माध्यम असावं असं पूर्वप्राथमिकपासून बारावीपर्यंतसाठी मांडलं. या विषयावरच्या अभ्यासगटाचा निबंध वाचण्याजोगा आहे, शाळांमध्ये मात्र त्यातलं फार थोडं उतरलं. जास्त परिणाम झाला तो २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातल्या एका ओळीचा: सहावी ते आठवीचा पट शंभरच्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ शिक्षक. आपल्याकडे ते 'अंशकालीन निदेशक' झाले. त्यांचं मानधन, नेमणूक आणि खंड यांच्या लढाया न्यायालयापर्यंत गेल्या. ज्याची स्वतःची नेमणूक पुढच्या वर्षी राहील की नाही सांगता येत नाही, त्याने वस्तीत दोन-तीन वर्षं चालणारं काम उभं करावं ही अपेक्षाच जरा जास्त.

एक वाद मात्र अजून मिटलेला नाही: झाडू. मुलांनी शाळा, नाली, स्वच्छतागृह साफ करणं हे श्रमशिक्षण की वेठबिगारी? सेवाग्रामच्या परंपरेत सफाई हे शिक्षणाचं अंग होतं, आणि सगळ्यांनी करायचं होतं. आज अशी बातमी येते तेव्हा पहिला प्रश्न विचारावा लागतो की झाडू कोणाच्या हातात दिला होता. सगळ्या वर्गाच्या, की ठरावीक वस्तीतून येणाऱ्या तीन-चार मुलांच्या? दुसरं असेल तर त्याला समाजोपयोगी म्हणायला माझी तयारी नाही.

आता अलीकडचं. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कामाचे तीन प्रकार केले: सजीवांबरोबरचं काम, यंत्र आणि साहित्य यांच्याबरोबरचं काम, आणि मानवी सेवा. सहावी ते आठवीत दरवर्षी तिन्हींतला एकेक प्रकल्प, म्हणजे तीन वर्षांत नऊ. २०२४ मध्ये सहावीसाठी 'कौशल बोध' हे राष्ट्रीय पाठ्यपुस्तक आलं, ते याच चौकटीतलं. शब्दांच्या हिशेबाने पाहिलं तर सेचाळीस वर्षांनी 'किंवा' जाऊन 'आणि' आलं. सेवा वगळण्याची सोय कागदावर तरी राहिलेली नाही.

आणि वर्षाअखेरीस 'कौशल मेळा' घ्यायचा आहे, मुलांनी केलेलं काम पालकांना आणि गावाला दाखवायला. टेबलं पुन्हा पटांगणात येतील.