कोलंबस (इंडियाना) : आधुनिक वास्तुकला

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील इंडियाना राज्यात कोलंबस या औद्योगिक नगरात विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास घडलेली वास्तुपरंपरा. हे नगर इंडियानापोलिसच्या दक्षिणेस सुमारे ७० किमी.वर असून लोकसंख्या सुमारे ५०,००० आहे (२०२०). ओहायो राज्याची राजधानी असलेले कोलंबस निराळे. डिझेल इंजिने बनविणाऱ्या कमिन्स कंपनीचे (स्था. १९१९) हे मूळ ठिकाण. पुण्यात १९६२ मध्ये निघालेल्या किर्लोस्कर कमिन्सची परदेशी भागीदार हीच कंपनी. त्यामुळे हे नाव आपल्याकडे इंजिनांमुळे ओळखीचे आहे; इमारतींमुळे ते तितकेच ओळखीचे व्हायला हवे.

या परंपरेचा आरंभ कोठून धरावा, याविषयी मतभेद आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांनाच ‘मिड-सेंचुरी मॉडर्न’ (शतकमध्यातील आधुनिक शैली) म्हणावे, असा आग्रह धरणारे अभ्यासक वास्तुशिल्पज्ञ ईरो सारिनेन (१९१०–६१) यांच्या अर्विन युनियन बँकेपासून (१९५४) सुरुवात करतात. काहींच्या मते खरा प्रारंभ कमिन्स कंपनीच्या प्रतिष्ठानच्या शाळा-योजनेपासून, म्हणजे १९५७ च्या सुमारास होतो. तिसरे मत ईरो यांचे वडील एलिएल सारिनेन (१८७३–१९५०) यांच्या फर्स्ट ख्रिश्चन चर्चपर्यंत (१९४२) मागे जाते. या चर्चला निखळ आधुनिक म्हणावे का, अशी शंका घेता येईल. तरीही तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. चर्चच्या कामात ईरो आणि रचनाकार चार्ल्स ईम्स या दोघांचाही हात होता, आणि मिशिगनमधील क्रॅनब्रुक कला अकादमीचे हे वर्तुळ कोलंबसशी जोडले गेले ते याच बांधकामामुळे. कमिन्सचे पुढील काळातील प्रमुख जे. अर्विन मिलर (१९०९–२००४) यांचे घराणे याच चर्चचे. ईरो यांच्याशी त्यांचा स्नेहही याच सुमारास जुळला. बँक, घर, शाळा हे सारे त्या स्नेहातून पुढे आले.

चर्चची रचना जवळून पाहण्याजोगी आहे. फिकट विटांची सरळ पेटी, तिच्या शेजारी सुमारे ५० मी. उंचीचा चौकोनी मनोरा, आणि दर्शनी चुनखडकाच्या चौकटींवर मध्य सोडून एका बाजूस बसविलेला क्रूस. कमान नाही, कळस नाही. अमेरिकेतील अगदी आरंभीच्या आधुनिक चर्च-वास्तूंमध्ये त्याची गणना होते.

बँकेच्या इमारतीत ईरो यांनी गजांआड बसणारा रोखपाल काढून टाकला. चारही बाजूंना काच, सपाट छतावर नऊ उथळ घुमट, भोवती झाडे. रस्त्यावरून जाणाऱ्यास आतला व्यवहार दिसे. मिलर यांचे घर (१९५७) हा या परंपरेतील सर्वांत परिपूर्ण नमुना मानला जातो, आणि ते योग्यच आहे. अधिक चिन्हाच्या आकाराचे छेद असलेले १६ पोलादी खांब छत पेलतात, आणि खांबांच्या रांगांवरून जाणाऱ्या छतातील काचपट्ट्यांतून उजेड आत उतरतो. दिवाणखान्यात जमिनीच्या पातळीखाली उतरवलेली चौरस बैठक आहे. अंतर्गत सजावट करणारे अलेक्झांडर जिरार्ड यांनी तिच्या उशांचे अभ्रे ऋतूनुसार बदलता येतील असे योजले होते : हिवाळ्यात तांबड्या छटा, उन्हाळ्यात फिकट. बाग डॅन काइली यांची. घराच्या पश्चिमेस हनी लोकस्ट वृक्षांची दुहेरी रांग आहे.

शाळा-योजनेचे मूळ युद्धोत्तर लोकसंख्यावाढीत आहे. वर्ग अपुरे पडू लागले आणि घाईने साध्या, तयार साच्याच्या शाळा उभ्या राहू लागल्या. तेव्हा मिलर यांनी शाळा-मंडळापुढे प्रस्ताव ठेवला : प्रतिष्ठानने दिलेल्या यादीतून मंडळाने वास्तुशिल्पज्ञ निवडावा, त्याचे मानधन प्रतिष्ठान देईल, बांधकामाचा खर्च मात्र मंडळाचा. आराखड्यात प्रतिष्ठान ढवळाढवळ करीत नसे. या योजनेचे मर्म येथेच आहे : देणगीदाराने इमारत दिली नाही, चांगला आराखडा परवडेल एवढीच सोय केली. पहिली शाळा हॅरी वीझ यांची लिलियन श्मिट प्राथमिक शाळा (१९५७). तिच्या प्रत्येक वर्गावर स्वतंत्र उतरते छप्पर असल्याने मुलाला आपला वर्ग बाहेरूनही ओळखता येई. पुढे जॉन कार्ल वॉर्नेकी यांची मेबल मॅकडॉवेल शाळा (१९६०) झाली. नंतर योजना इतर सार्वजनिक वास्तूंनाही लागू करण्यात आली. रॉबर्ट व्हेंटुरी यांचे अग्निशमन केंद्र क्र. ४ हे त्याचे उदाहरण. वीझ यांची येथे डझनभराहून अधिक कामे आहेत, त्यांत फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च (१९६५) प्रमुख.

षट्कोनी नॉर्थ ख्रिश्चन चर्च (१९६४) ईरो यांच्या मृत्यूनंतर पूर्ण झाले. त्याचा सुळका सुमारे ५८ मी. उंच असून वेदी सभागृहाच्या मधोमध आहे. भाविक तिच्या सर्व बाजूंनी बसत. तेथील भाविकांची मंडळी (धर्मसंघटना) २०२२ मध्ये विसर्जित झाली. आय. एम. पेई यांचे क्लिओ रॉजर्स ग्रंथालय (१९६९) व त्यासमोरील शिल्पकार हेन्री मूर यांची कांस्य कमान (१९७१) या कालखंडाच्या उत्तरार्धातील होत.

कोलंबसमधील सात वास्तूंना राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा आहे. त्यांतील सहा २०००–०१ मध्ये नोंदल्या गेल्या. मायरन गोल्डस्मिथ यांनी ‘द रिपब्लिक’ या दैनिकासाठी रचलेली इमारत (१९७१) २०१२ मध्ये त्यांत आली. मिलर यांचे घर आता इंडियानापोलिसच्या कलासंग्रहालयाकडे असून २०११ पासून लोकांना पाहता येते.