अवकाश-गेममधले सण : दृश्य परिणाम आणि वास्तवाचा प्रश्न

अवकाशात घडणाऱ्या ऑनलाइन गेममध्ये नाताळ, हॅलोवीन, नवे वर्ष अशा दिवसांत काही तात्पुरते देखावे येतात. यानांवर बर्फाचे गोळे आपटतात, आतषबाजी होते, तळांवर दिव्यांच्या माळा लागतात, हिमवादळे उठतात, यानांना खास रंग मिळतात. या सगळ्यांना मिळून सणासुदीचे दृश्य परिणाम म्हणता येईल. काही आठवडे ते राहतात आणि सण सरला की बहुतेक नाहीसे होतात. जमिनीवरच्या गेममध्ये गावावर बर्फ पडला तर कोणी हरकत घेत नाही, कारण गावात बर्फ पडतोच. अवकाशात मात्र लगेच प्रश्न उभा राहतो. जिथे हवा नाही आणि वर-खालीही नाही, तिथे हिमकण पडतात कसे? फटाका ऐकू येतो कसा? हा प्रश्न खुसपट काढायला विचारलेला नसतो. या गेममधली मंडळी अंतर, वेग, इंधन, माल यांचा हिशेब जीव ओतून करतात. तो हिशेब खरा वाटतो म्हणून तर ती तिथे रमतात.

ईव्ह ऑनलाइन आणि आइसलँडचा हिवाळा

या विषयातले सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणजे ईव्ह ऑनलाइन. आइसलँडची राजधानी रेक्याविक इथल्या सीसीपी गेम्स या कंपनीने तो मे २००३ मध्ये सुरू केला. चीनसाठी वेगळा सर्व्हर आहे, बाकी जगभरचे खेळाडू एकाच विश्वात वावरतात. त्यामुळे तिथे सण आला की तो सगळ्यांना एकाच वेळी येतो. डिसेंबरात रेक्याविकला सूर्य जेमतेम चार तास दिसतो. ३१ डिसेंबरच्या रात्री अख्खे शहर घराघरांतून फटाके उडवते, आणि त्यांतले बरेचसे फटाके डोंगरात, समुद्रात अडकलेल्यांना सोडवणारी स्वयंसेवी बचाव पथके निधीसाठी विकतात. बर्फाचा गोळा आणि फटाका या दोन वस्तू याच गावच्या गेममध्ये सणाची खूण व्हाव्यात, हे मला फार स्वाभाविक वाटते.

ईव्हच्या कथाविश्वात कालगणना 'योइउल परिषद' नावाच्या एका बैठकीपासून मोजतात. गेम सुरू झाला ते वर्ष त्या गणनेत १०५ होते. डिसेंबरातल्या भेटवस्तूंच्या दिवसांनाही योइउल उत्सव असे नाव मिळाले. उत्तर युरोपातल्या मध्य-हिवाळ्याच्या जुन्या सणाला यूल म्हणतात आणि आइसलँडमध्ये आजही नाताळाचे नाव योल असेच आहे. ही ओळख नावात पुरली आहे, तिचा गाजावाजा केलेला नाही. हजारो वर्षांनंतरच्या, पृथ्वी विसरलेल्या माणसांत नाताळ कसा, या प्रश्नाला एवढ्या एका नावाने उत्तर मिळते. पुढे याच मोसमाला 'विंटर नेक्सस' हे नाव आले आणि त्यात अवकाशातून सरकत जाणारी बर्फाची वादळेही आली. हॅलोवीनच्या सुमारास 'क्रिमझन हार्वेस्ट' असतो. तो रक्तपिपासू पंथाच्या ब्लड रेडर्स या गेममधल्याच टोळीभोवती रचलेला आहे, त्यामुळे भोपळे आणि चेटकिणी उसन्या आणाव्या लागल्या नाहीत.

खेळाडूच्या हाती असते ते साधन म्हणजे फेस्टिव्हल लाँचर. यानावर शस्त्रे बसवायच्या जागेतच तो बसतो आणि त्यातून बर्फाचे गोळे किंवा फटाके सोडता येतात. गोळा क्षेपणास्त्रासारखा लक्ष्याकडे जातो, आपटतो, पांढरा फवारा दिसतो आणि नुकसान शून्य होते.

गोळा खरा असता तर

नुकसान शून्य, ही त्यातली सर्वांत मोठी सवलत. एक किलोचा बर्फाचा गोळा सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने यानावर आदळला, तर त्याची गतिज ऊर्जा ४५ लाख जूल भरते. टीएनटी या स्फोटकाच्या एक किलोच्या स्फोटात सुमारे ४२ लाख जूल ऊर्जा असते. म्हणजे त्या वेगाला साधा बर्फ आपल्या वजनाच्या बॉम्बइतका होतो, आणि ईव्हमधली चपळ याने असले वेग सहज गाठतात. खऱ्या अवकाशात कोणी प्रेमाने बर्फ फेकला तर समोरच्याचे यान फुटेल.

बर्फ अवकाशात असणे मात्र अजिबात खोटे नाही. पृथ्वीइतक्या अंतरावर सूर्याच्या उन्हात निर्वातात ठेवलेला बर्फ वितळत नाही, त्याची थेट वाफ होते. त्या वाफेबरोबर धूळ उडते आणि शेपूट तयार होते. धूमकेतू म्हणतात तो हाच प्रकार. फ्रेड व्हिपल यांनी १९५० साली धूमकेतूच्या गाभ्याची जी कल्पना मांडली, ती पुढे 'मळका बर्फगोळा' म्हणूनच रूढ झाली. तेव्हा उन्हातून जाणाऱ्या गोळ्याला बारीकशी शेपटी दिली, तर देखावा अधिक सुंदर दिसेल आणि अधिक खराही ठरेल.

खऱ्या यानाभोवती हिमकण तरंगल्याचीही नोंद आहे. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन 'फ्रेंडशिप ७' यानातून पृथ्वीभोवती फिरत होते. सूर्योदय होताच त्यांना खिडकीबाहेर काजव्यांसारखे असंख्य चमकते कण दिसले. ते काय असावेत याचा उलगडा त्या उड्डाणात झाला नाही. तीन महिन्यांनी, २४ मे रोजी, स्कॉट कार्पेंटर 'अरोरा ७' मधून गेले. त्यांनी आतून यानाच्या भिंतीवर हाताने थापा मारल्या आणि बाहेर कणांचा नवा थवा उसळला. यानातून सुटलेली वाफ बाहेरच्या कवचावर गोठत होती, तिचेच ते कण होते. सणाचा बर्फ अवकाशात दाखवायचा असेल तर यापेक्षा चांगला नमुना मिळणार नाही. हे कण आकाशातून पडत नाहीत. ते यानातूनच निघतात, त्याच्याच वेगाने सोबत तरंगतात आणि ऊन आले की लखलखतात.

ग्रहांवर बर्फ पडतो तो वेगळाच. 'फिनिक्स' यानाने २००८ साली मंगळावर ढगांतून पडणारे हिमकण लेसर किरणांनी टिपले. ते जमिनीपर्यंत पोहोचण्याआधीच विरून जात होते. प्लूटोवरच्या डोंगरमाथ्यांवर मिथेनचे पांढरे थर आहेत, ते 'न्यू होरायझन्स' यानाने २०१५ मध्ये दाखवले.

पडद्यावर बर्फ कसा पाडतात

गेममध्ये हिमवर्षावाची सोपी रीत अशी, की कॅमेऱ्याभोवती एक अदृश्य खोका कल्पायचा, त्यात काही हजार कण सोडायचे, आणि खोक्याबाहेर गेलेला कण दुसऱ्या बाजूने परत आत घ्यायचा. जमिनीवरच्या गेममध्ये हे खपून जाते. अवकाशात एक गोष्ट घात करते. यान डावीकडे कलते, तारे फिरतात, ग्रह डोक्यावर येतो, आणि बर्फ मात्र पडद्याच्या खालच्या कडेकडेच पडत राहतो. त्या क्षणी कळते की हा बर्फ काचेला चिकटवलेला आहे. कणांची दिशा यानाच्या सापेक्ष वेगाशी बांधली, थांबल्यावर ते स्तब्ध तरंगू दिले, तर तेच कण एकदम पटतात.

अवकाश-गेम तसे एरवीही कण दाखवतातच. मोकळ्या अंतराळात वेगाची जाणीव होत नाही म्हणून यानाशेजारून सरकणारी धूळ दाखवायची जुनी रीत आहे. प्रत्यक्षात अशी दाट धूळ नसते. तेजोमेघही डोळ्यांना एवढे रंगीत दिसत नाहीत. ईव्हमधले यान तर इंजिन बंद केले की हळूहळू थांबते, जणू पाण्यातून चालले आहे. न्यूटनच्या नियमाने ते तसेच पुढे जात राहायला हवे. हे सगळे बारा महिने चालते आणि कोणाला खुपत नाही, कारण ते त्या विश्वाचे नेहमीचे नियम झालेले असतात. सणाचा देखावा खुपतो तो भौतिकशास्त्र मोडतो म्हणून क्वचितच. त्या विश्वात त्याला कारण दिलेले नसते, तेव्हा तो खुपतो. वादळ, टोळी, जुनी परिषद असे काही मागे असले की तोच बर्फ खेळाडू आनंदाने अंगावर घेतात.

फटाके

ईव्हमधल्या फटाक्यांची नावे मुद्दाम पाहावीत: बेरियम फायरवर्क, कॉपर फायरवर्क, सोडियम फायरवर्क, टायटॅनियम फायरवर्क. ही रसायनशास्त्रातली खरी यादी आहे. बेरियमचे क्षार जळताना हिरवा रंग देतात, तांब्याचे निळा, सोडियमचे पिवळा. टायटॅनियमच्या ठिणग्या रुपेरी पांढऱ्या असतात. दिवाळीच्या रंगीत फटाक्यांचे रंगही अशाच धातूंतून येतात. त्यांतल्या बेरियमच्या क्षारांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बंदी घातली, कारण जमिनीवर त्यांचा धूर आपल्या श्वासात जातो.

निर्वातात फटाका फुटेल का? तोफेच्या दारूत सुमारे ७५ टक्के सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट असते आणि प्राणवायू त्यातूनच मिळतो, हवेची गरज नाही. मात्र दाब नसेल तर उघडी दारू नीट पेट धरत नाही. ती घट्ट कवचात कोंडावी लागेल. फुटल्यावरचे दृश्य आपल्या ओळखीचे नसेल. गच्चीवरून पाहिलेला आकाशातला फटाका आठवा. ठिणग्या झपाट्याने पसरतात, हवेने अडतात, वडाच्या पारंब्यांसारख्या खाली झुकतात आणि मागे धूर लोंबकळत राहतो. अवकाशात प्रत्येक ठिणगी सरळ रेषेत, न मंदावता जाईल. आतून पोकळ असा प्रकाशाचा नितळ गोल फुगत जाईल आणि विझेल, पारंब्या नाहीत की धूर नाही. बऱ्याच गेममध्ये ठिणग्या अजूनही झुकताना दिसतात. इथे वास्तव धरले असते तर दृश्य जास्त देखणे झाले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आवाजाची सोडवणूक एलिट डेंजरस या गेमने सर्वांत प्रामाणिकपणे केली. केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्सने तो डिसेंबर २०१४ मध्ये आणला. आपली आकाशगंगा त्यात खऱ्या मापाने, सुमारे ४०० अब्ज ताऱ्यांच्या मंडळांसह उभी आहे. तिथे बाहेरचे आवाज यानाचा संगणक तयार करून ऐकवतो, अशी मांडणी आहे. कॉकपिटची काच फुटली की हवा निघून जाते, सगळे आवाज दबतात आणि स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत राहतो. अशा गेममध्ये सणाचा भाग मुख्यतः यानावर लावायच्या दिव्यांच्या माळा आणि कॉकपिटमध्ये डुलणाऱ्या छोट्या बाहुल्या एवढाच ठेवला गेला. ते योग्यच झाले. दिव्याला हवा लागत नाही, आणि गाडीत बाहुली ठेवणारा माणूस यानातही ठेवणारच.

आणखी काही वाटा

स्टार ट्रेक ऑनलाइन या गेमने २०११ च्या हिवाळ्यापासून वेगळी वाट काढली. क्यू नावाचे सर्वशक्तिमान पात्र एक बर्फाळ जग निर्माण करते आणि खेळाडू तिथे शर्यती लावायला, बर्फ फेकायला जातात. अवकाश जसेच्या तसे राहते. स्टार सिटिझन या गेममध्ये ल्युमिनेलिया हा परग्रहवासी बानू लोकांकडून माणसांनी घेतलेला सण डिसेंबरात येतो. त्याच गेममधला मायक्रोटेक हा ग्रह कथेनुसार माणसाला राहण्याजोगा करताना झालेल्या चुकीमुळे अतिथंड झालेला आहे. त्यामुळे तिथल्या न्यू बॅबेज शहराभोवती बर्फ बारमाही असतो आणि सणासाठी तो वेगळा आणावा लागत नाही.

खऱ्या अंतराळवीरांनी साजरे केलेले सणही याच जातीचे, हाताशी आहे त्यातून घडवलेले. डिसेंबर १९६५ मध्ये 'जेमिनी ६' मधल्या वॉली शिरा आणि टॉम स्टॅफर्ड यांनी सांताक्लॉजसारखे काहीतरी दिसल्याचे गमतीने कळवले आणि चोरून नेलेला माउथ ऑर्गन व घंटा वाजवल्या. १९७३ मध्ये 'स्कायलॅब' या अंतराळ स्थानकावरच्या तिघांनी अन्नाच्या रिकाम्या डब्यांचे नाताळचे झाड केले. २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स यांनी अंतराळ स्थानकातून दिवाळीच्या शुभेच्छा पाठवल्या.

सर्व्हरवरचा भार

हा भाग रुक्ष आहे, पण टाळता येत नाही. ईव्हमध्ये लक्ष्याकडे निघालेली प्रत्येक वस्तू सर्व्हरला सांभाळावी लागते, मग ते क्षेपणास्त्र असो की बर्फाचा गोळा. मोठ्या लढायांत हजारो याने एकत्र आली की गेम काळाची गतीच कमी करतो, अगदी नेहमीच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत. अशा वेळी अनुभवी खेळाडू सेटिंगमध्ये जाऊन दृश्य परिणाम बंद करतात. ज्यांना लखलखाटाचा त्रास होतो त्यांच्यासाठीही ही सोय लागते. चांगल्या सणाचा देखावा ज्याला नको त्याला टाळता यावा, ही अपेक्षा रास्तच आहे.

ईव्हचा सर्व्हर रोज ११ वाजता, जागतिक वेळेनुसार, थोडा वेळ बंद होतो. भारतातल्या घड्याळात तेव्हा दुपारचे साडेचार वाजलेले असतात. मोसमी देखावे बहुधा त्या विरामातच बदलतात. इकडचा खेळाडू चहा घेऊन परत येईपर्यंत वादळे ओसरलेली असतात. उरलेले गोळे मात्र गोदामात तसेच पडून राहतात, बाजारात विकताही येतात, आणि जुलैतल्या एखाद्या कंटाळवाण्या पहाऱ्यात कोणीतरी शेजारच्या मित्राच्या यानावर एक गोळा सोडतो.