थाई लोक : प्रारंभिक इतिहास व पुरातत्त्वीय वारसा

थायलंडच्या भूमीचा इतिहास थाई लोकांच्या इतिहासाहून बराच जुना आहे. हे दोन्ही वेगळे ठेवल्याशिवाय तेथील पुराव्यांचा अर्थ नीट लागत नाही. थाई भाषा बोलणाऱ्यांचे पूर्वज दक्षिण चीनमधील ग्वांगशी व उत्तर व्हिएतनाम यांच्या सीमाभागात भातशेती करून राहत होते, असे भाषिक पुराव्यावरून बहुतेक अभ्यासक मानतात. इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धापासून ते नदीखोऱ्यांच्या वाटेने टप्प्याटप्प्याने नैर्ऋत्येकडे सरकले. आसामचे आहोम हे त्यांच्याच भाऊबंदांपैकी असून तेराव्या शतकात सुकाफा या राजपुत्राने त्यांना ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आणले.

ईशान्य थायलंडमधील उदोन थानी प्रांतात बान चियांग हे गाव आहे. १९६६ मध्ये एक अमेरिकन विद्यार्थी तेथे झाडाच्या मुळाला अडखळून पडला आणि जमिनीतून डोकावणाऱ्या मडक्यांच्या कडा त्याच्या नजरेस पडल्या. पुढील उत्खननांत दफने, कांस्य व लोखंडाच्या वस्तू आणि फिकट पिवळसर अंगावर तांबड्या रंगाने वळणावळणाची नक्षी काढलेली भांडी मिळाली. काही तान्ह्या मुलांना तर मडक्यातच पुरले होते. येथील कांस्य जगात सर्वांत जुने असल्याचा सुरुवातीचा दावा टिकला नाही. त्याचा काळ काही संशोधक इ. स. पू. २००० च्या आसपास, तर काही सुमारे हजार वर्षांनी अलीकडे धरतात. मात्र नक्षीदार मडक्यांना परदेशात गिऱ्हाईक मिळाल्याने झालेल्या बेकायदा खोदाईत अनेक थर कायमचे विस्कटले, आणि ही हानी कोणत्याही संग्रहालयाला भरून काढता येणार नाही. १९९२ मध्ये हे स्थळ जागतिक वारसा यादीत आले.

सहाव्या ते अकराव्या शतकांत मध्य थायलंडमध्ये मोन भाषक बौद्धांची द्वारवती संस्कृती बहरली. नाखोन पाथोम येथील चांदीच्या नाण्यांवर ‘श्रीद्वारवतीश्वरपुण्य’ ही संस्कृत अक्षरे आहेत. श्रीकृष्णाच्या नगरीचे हे नाव मराठी वाचकाला निराळे सांगावे लागत नाही. तेथील दगडी धर्मचक्रे व त्यांच्यासोबतची हरणे सारनाथच्या पहिल्या प्रवचनाची आठवण देतात. थाईंनी थेरवाद बौद्ध धर्म स्वीकारला, त्यामागे या मोन परंपरेचाही वाटा होता.

कंबोडियातील ख्मेर राजांच्या बाराव्या शतकातील अंगकोर वाट मंदिराच्या शिल्पपटात ‘स्याम’ (सयाम, थायलंडचे जुने नाव) सैनिक कोरलेले आहेत, पण ते थाईच होते का, याविषयी मतभेद आहेत. पुढे ख्मेर सत्ता ओसरू लागली, तेव्हा परंपरेनुसार १२३८ मध्ये सुखोथाई राज्य स्थापन झाले. ‘सुखोदय’ या शब्दाचेच हे थाई रूप होय. चालत्या बुद्धाची डौलदार मूर्ती ही या राज्याच्या कलेची खास देणगी. १८३३ मध्ये, भिक्षू असलेल्या राजपुत्र मोंगकुट यांना येथे १२९२ चा मानला जाणारा शिलालेख मिळाला. राजा रामखम्हेंगने वेशीवर घंटा टांगली होती आणि गाऱ्हाणे असणाऱ्या कोणीही ती वाजवावी, असे त्यात म्हटले आहे. या लेखातील स्वरचिन्हे व्यंजनांच्याच ओळीत येतात, तर आजच्या थाई लिपीत ती देवनागरीप्रमाणे अक्षराच्या वर, खाली व बाजूलाही लिहितात. लिपीच्या या आगळेपणामुळे लेखाच्या अस्सलपणावर शंका घेतली गेली. तरीही बहुसंख्य अभ्यासक तो खरा मानतात.