टार्नची घळई: झऱ्यांवर वसलेली गावं, मेंढपाळांच्या वाटा

दक्षिण फ्रान्समधल्या टार्न नदीच्या घळईत उन्हाळ्यात पदभ्रमण करणाऱ्यांची रीघ लागते. ते ज्या वाटांनी चढतात, त्यांतल्या बऱ्याचशा शेतकऱ्यांनी आणि मेंढपाळांनी पाडल्या आहेत, आणि त्यामागचं कारण आहे पाणी.

लोझेर पर्वताच्या ग्रॅनाइटमध्ये उगम पावणारी टार्न पुढे चुनखडीचं पठार सुमारे ५० किलोमीटर कापत जाते. कडे कुठे ४००, तर कुठे ५०० मीटर उंच. एका अंगाला सोव्हतेरचं पठार, दुसऱ्या अंगाला मेजाँचं. चुनखडीत पाणी ठरत नाही. वर पडलेला पाऊस भेगांतून मुरतो आणि घळईच्या तळाशी झऱ्यांतून बाहेर पडतो. वर चराऊ रानं आहेत, पण पाण्याची मारामार. खाली पाणी मुबलक, पण नांगराला सपाटी नाही. म्हणून गावं झऱ्यांपाशी वसली, उतारावर दगडी ताली रचून द्राक्षं आणि बदाम लावले गेले आणि मेंढ्या वर चरू लागल्या. आपल्या घाटवाटांसारख्याच या वाटांनी वरचं आणि खालचं जग जोडलेलं ठेवलं.

सँत-एनिमी हे गाव बुर्ल झऱ्यापाशी आहे. आख्यायिका सांगते, की मेरोव्हिंजियन (प्राचीन फ्रँक राजघराण्यातल्या) राजकन्या एनिमीचं कुष्ठ या पाण्याने बरं झालं. पण दरी सोडली की ते पुन्हा उमटायचं, म्हणून ती इथेच राहिली. दहाव्या शतकात बेनेडिक्टिन या ख्रिस्ती पंथाच्या भिक्षूंचा मठ उभा राहिला आणि त्याच्या आधाराने गाव वाढलं. नदीतले गोटे उभे रोवून फरसबंद केलेल्या तिथल्या अरुंद गल्ल्या आजही चालताना तळव्यांना टोचतात.

नदीच्या प्रवाहात पुढे असलेल्या ला मालेन गावाला १७९३ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, क्रांतिकारी सैन्याने आग लावली. कड्यावरचा काळा डाग तेव्हा जळालेल्या अक्रोडाच्या तेलाच्या धुराचा, असं सांगतात. घळईतून रस्ता व्हायच्या आधी इथले नावाडी सपाट तळाच्या होड्यांतून लोकांना नेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी गुहांचा शोध घेणाऱ्या एदुआर-आल्फ्रेद मार्तेलच्या लेखनाने ही दरी फ्रान्सभर गाजली, आणि नावाड्यांचा धंदा पर्यटकांवर चालू लागला. पलीकडच्या काठावरच्या हॉतरिव्ह या वस्तीला मात्र मोटाररस्ता गेलाच नाही. तिथे सामान नदीवर ताणलेल्या तारेवरून येतं.

२०११ मध्ये युनेस्कोने या पठारांना आणि शेजारच्या सेव्हेन डोंगरांना जागतिक वारसा ठरवलं, तेही इथल्या पशुपालनासाठी. माझ्या मते ही निवड अगदी योग्य होती: मेंढ्या चरायच्या थांबल्या, तर पठारावर झाडोरा माजेल आणि वाटाही त्यात बुजतील.